वीसपर्यंत

हर्णैच्या बंदरावर सकाळचा लिलाव सुरू झाला
की माझ्या पडवीत चपला उतरतात.
पाच जोड्या, आणि एक एकटी,
जुनैदची, डाव्या पायातली.
उजवी वाटेत कुठं टाकायची
ते तो रोज स्वतः ठरवतो.

आया पाट्या घेऊन पुळणीत उतरतात.
तिथं आकडा एकदा ओरडला की ओरडला,
थांबायला सवड नसते कुणाला.
बर्फ वितळतो.

मीही तशीच विचारायचे आधी.
"पेज हवी की भात?" आणि हात पेजेच्या पळीवर.
"निळी वाटी की लाल?" आणि निळी भरलेली.
पोरं मुकाट जेवायची.
मला वाटायचं, किती गुणी.

मग द्रौपदाबाईंची नात आली, कस्तू.
साडेतीन वर्षांची,
बोलणं उधारीवर आणल्यासारखं जपून वापरणारी.
आठवडाभर नुसती बघत होती माझ्याकडे.
गुरुवारी म्हणाली,
"तू विचारतेस, पण थांबत नाहीस."

पळी हातातच राहिली.
पेजेवर साय धरली तोवर.

तेव्हापासून मनात मोजते.
विचारलं, की एक, दोन…
बारापर्यंत काहीच होत नाही.
तेराला कस्तू वाटीकडे बघते, चौदाला माझ्याकडे,
सतराला वेदूच्या नाकाला फुगा येतो,
एकोणिसाला कुणीतरी म्हणतं,
"दोन्ही नको. आठळ्या."

आठळ्या मी विचारल्याच नव्हत्या.
चुलीत होत्या, राखेत पुरलेल्या,
माझ्या एकटीसाठी.
काढल्या.

सगळंच काही विचारत नाही हां मी.
विहिरीच्या कठड्याला पर्याय नाही.
बंदराकडच्या फाटकाची किल्ली माझ्या कमरेला,
ती रडून मिळत नाही.
तापाचं औषध घ्यायचंच,
फक्त चमच्यानं की बोंडल्यानं, एवढं विचारते.
आणि मग रडायचं असेल तर
रहाटाजवळ की माझ्या मांडीवर.

दुपारी निजायचं कुठं, तेही त्यांचं.
चटई ओढत हिंडतात,
मांजरासारखी जागा हुंगत.
ऋत्वी फाटक्या जाळ्यांच्या ढिगाला लागून झोपते,
म्हणते इथं बाबाचा वास आहे.
बाबा चार-चार दिवस खोल पाण्यात.
तिच्या आईनं पाहिलं, नाक मुरडलं,
"असल्या वासात झोपवता पोरीला?"
मी म्हटलं, तिला विचारा.
आणि विचारून थांबा जरा.
ती थांबली नाही.
टेम्पो उभा होता रस्त्यावर, हॉर्न वाजत होता.
तिचंही खरंच.

मला कुणी विचारलं होतं का?
एकदा. लग्नात.
"हिरवा शालू की पिवळा?"
मी तोंड उघडेपर्यंत हिरव्याची घडी मोडली होती.
राग नाही त्याचा. शालू चांगला निघाला.
अजून टिकलाय,
वाशाला बांधून त्याची झोळी केलीय धाकट्यासाठी.
तो अजून बोलत नाही.
पण डाव्या कुशीवर ठेवला की पाय ताठ करतो,
म्हणजे उजव्या.

काल संध्याकाळचा लिलाव लांबला.
दिवे लागले तरी आयांचा पत्ता नाही.
पोरं पायरीवर ओळीनं बसलेली,
कुणी किल्ल्याकडे बघतंय, कुणी आपल्याच गुडघ्याकडे.

जुनैद माझी कपबशी घेऊन आला, रिकामी.
समोर धरून म्हणाला,
"चहा की समुद्र?"
मी हसले.
तो नाही हसला.

कप तसाच धरून उभा,
ओठ हलत होते बारीक.
मोजत होता.
त्याला येतात दहापर्यंतच.
दहा झाले,
मी अजून गप्प,
त्यानं पुन्हा एकपासून सुरू केलं.